बटण दाबल्यावर धावतं कोण?



मागच्या रांगेत काही सिस्टर युनिफॉर्मवरच आलेल्या दिसतायत. ड्युटी संपवून थेट आलात ना? पुढे या, इथे जागा आहे. आजचं बोलणं तुमच्याबद्दलच आहे.

रुग्णालयात काम करणाऱ्यांवर हल्ले होतात, ते थांबवायला तंत्रज्ञानाचा काय उपयोग, हा आजचा विषय. कॅमेरे, पॅनिक बटण, कार्ड लावल्याशिवाय न उघडणारी दारं, गार्डच्या छातीवरचे कॅमेरे, सगळं आता बाजारात मिळतं. महापालिका घेते, सरकार घेतं, खासगी रुग्णालयंही घेतात. मी यंत्रांच्या विरोधात नाही. उलट मला ती हवीत, आणि उद्या नको, आज हवीत. पण प्रत्येक यंत्राला एक प्रश्न विचारल्याशिवाय ते भिंतीवर चढू देऊ नका, एवढंच सांगायला मी उभी आहे. प्रश्न असा : हे बटण दाबल्यावर धावतं कोण, आणि किती वेळात?

आपण परळमध्ये बसलोय. इथून पायी निघालं तर केईएम, टाटा, वाडिया, कामगारांचं गांधी रुग्णालय, सगळं हाकेच्या अंतरावर. नुसत्या केईएममध्ये 1800 च्या वर खाटा आणि वर्षाला सुमारे 18 लाख लोक ओपीडीत येतात. या रुग्णालयांतल्या सिस्टर, वॉर्डबॉय मामा, आया मावश्या आपल्याच चाळींतून कामाला जातात. आणि रुग्णांचे नातेवाईकही आपल्याच चाळींतून येतात. मारणारे आपले, मार खाणारेही आपले. म्हणून हा विषय या सभागृहात बोलायचा.

सुरुवात अरुणा शानभागपासूनच करावी लागते. दुसरीकडून करताच येत नाही.

हळदीपूरची, उत्तर कन्नड जिल्ह्यातली मुलगी. वय 25. केईएममध्ये नर्स. श्वान शस्त्रक्रिया प्रयोगशाळेत तिची ड्युटी. लग्न ठरलेलं. 27 नोव्हेंबर 1973 च्या संध्याकाळी काम संपवून ती तळघरात कपडे बदलायला गेली. तिथे रुग्णालयाच्याच एका सफाई कर्मचाऱ्यानं कुत्र्याच्या साखळीनं तिचा गळा आवळला, तिच्यावर अत्याचार केला, दागिने काढून घेतले. मेंदूला रक्त पोहोचलं नाही. ती जिवंत राहिली, पण पुन्हा कधी उठली नाही. चार नंबरच्या वॉर्डाच्या बाजूच्या खोलीत ती 41 वर्षांहून जास्त काळ होती. 18 मे 2015 रोजी न्यूमोनियानं गेली. त्या सगळ्या काळात केईएमच्या सिस्टरांच्या पिढ्यांमागून पिढ्यांनी तिला भरवलं, न्हाऊ घातलं, कूस बदलून दिली. एवढी वर्षं अंथरुणाला खिळलेल्या बाईला त्यांनी बेडसोअर होऊ दिला नाही. ज्यांनी कधी बेडसोअरची ड्रेसिंग केली आहेत, त्यांनाच या वाक्याचं वजन कळेल.

2011 साली सर्वोच्च न्यायालयानं तिच्या प्रकरणात निकाल दिला. दयामरणाची चर्चा देशभर झाली, आजही कायद्याची मुलं तो निकाल वाचतात. पण एक गोष्ट त्या चर्चेत मागे पडली. अरुणा आधी एक कर्मचारी होती आणि तिच्यावरचा हल्ला कामाच्या जागी झाला होता. 1973 साली मुंबईतल्या परिचारिकांनी तेच ओळखलं होतं. त्या संपावर गेल्या आणि सुरक्षित कामाची मागणी केली. मरणाच्या हक्कावर आपण भरपूर वाद घातला. कपडे बदलायच्या खोलीबद्दल किती बोललो?

आता ती संध्याकाळ जरा जवळून पाहू. ड्युटी संपलेली. तळघर. बाई एकटी. आणि ती सापडली कधी? दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्रभर ती तिथेच पडून होती. एवढं मोठं रुग्णालय, शेकडो माणसं जागी, आणि ती बाहेर पडली नाही हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण ते लक्षात ठेवणं हे कुणाचं कामच नव्हतं. कुणाची चूक काढायला मी हे सांगत नाही. व्यवस्थाच तशी होती. आणि मी विचारते, आज वेगळी आहे का? तुमची ड्युटी आठ वाजता संपली आणि नऊ वाजेपर्यंत तुम्ही गेटबाहेर पडला नाहीत, तर आज कुणाला कळतं?

कळू शकतं, हे मला सांगायचंय. हजेरीची यंत्रं आता बहुतेक ठिकाणी आहेत. बोट लावून आत जायचं, बोट लावून बाहेर पडायचं. त्या यंत्राला माणूस आत गेल्याचं माहीत असतं, बाहेर न पडल्याचंही माहीत असतं. पण ती माहिती जाते पगाराच्या टेबलावर. उशीर झाला की पैसे कापायला तिचा उपयोग होतो. त्याच माहितीवरून रात्री अमुक सिस्टर अजून आतच आहे, फोन करा, असा इशारा द्यायला फार मोठं संशोधन लागत नाही. तेच यंत्र, तीच माहिती. फक्त ते कुणासाठी चालवायचं, हे ठरवावं लागतं.

कोलकात्याचं आर. जी. कर रुग्णालय आपण सगळ्यांनी वर्तमानपत्रात वाचलं. 9 ऑगस्ट 2024. लांबलचक ड्युटीनंतर एक निवासी डॉक्टर सेमिनार हॉलमध्ये आडवी झाली. विश्रांतीची धड खोली नव्हती. तिथेच तिच्यावर अत्याचार झाला, खून झाला. आरोपी सापडला तो सीसीटीव्हीमुळे आणि जागेवर पडलेल्या ब्लूटूथ इअरफोनमुळे. जानेवारी 2025 मध्ये त्याला जन्मठेप झाली. म्हणजे यंत्रानं काम केलं. पण कोणतं? माणूस पकडायचं. ती मुलगी वाचली नाही. सर्वोच्च न्यायालयानं त्या वेळी राष्ट्रीय कृती दल नेमलं, आणि त्या आदेशात न्यायालयाला अरुणाची आठवण काढावी लागली. पन्नास वर्षांनंतर!

या दोन घटनांत एक धागा आहे, तो बारकाईनं पाहा. 1973 चा हल्लेखोर रुग्णालयाचा कर्मचारी होता. 2024 चा पोलिसांचा स्वयंसेवक, रुग्णालयात त्याची नेहमीची ये-जा. दोघांनाही गेटवर कुणी अडवलं नसतं. गेटवर मेटल डिटेक्टर लावा, बॅग तपासा, नातेवाइकांना पास द्या, हे सगळं बाहेरच्या माणसासाठी झालं. ज्याच्या गळ्यात ओळखपत्र आहे त्याचं काय? म्हणून माझ्या यादीत पहिली वस्तू कॅमेरा नाही. पहिली वस्तू आहे कडी. ड्युटी रूमला आतून लागणारी कडी, चालणारा दिवा, त्याच मजल्यावर बायकांचं स्वतंत्र स्वच्छतागृह. त्यानंतर कार्डाचं कुलूप, कुठल्या खोलीत कधी कोण शिरलं याची नोंद ठेवणारं. त्यानंतर कॉरिडॉरचा कॅमेरा. हा क्रम उलटा केला की पैसे जातात आणि सिस्टर रात्री लिनन रूमच्या दाराला खुर्ची लावून झोपते. हसू नका, झोपतात. मागे बसलेल्या मान डोलावतायत, बघा.

आता बटणाकडे येते. मी महापालिकेच्या एका रुग्णालयात सिस्टर होते; नाव घेत नाही. आमच्या वॉर्डात काउंटरखाली एक लाल बटण बसवलं होतं. ते दाबलं की तळमजल्यावर सुरक्षा कक्षात बेल वाजायची. पहिल्या आठवड्यात गुडघा लागून चारदा वाजली. दर वेळी खालून गार्ड धापा टाकत वर यायचा, दर वेळी आम्हाला बोलणी बसायची. मग कुणीतरी बटणावर ड्रेसिंगची पांढरी चिकटपट्टी मारली. पुढे काउंटरवर औषधांचे खोके आले, बटण खोक्यांमागे गेलं. एका रात्री दहा-बारा नातेवाईक वॉर्डात घुसले, आमच्या हाऊसमनची, म्हणजे तरुण निवासी डॉक्टरची, कॉलर धरली. मी खोके बाजूला करून चिकटपट्टी नखानं काढत होते. बटण दाबलं. खाली बेल वाजली असेलही. वर कुणी आलं नाही. आमच्या वॉर्डातले दोन मामा आणि शेजारच्या खाटेवरच्या रुग्णाचा भाऊ मध्ये पडले, म्हणून तो मुलगा वाचला.

बटण बिघडलेलं होतं का? नव्हतं. पण त्या बटणामागची साखळी कुणी बांधलीच नव्हती. चुकून वाजलं तर रागवायचं नाही, उलट चुकून वाजणं हा सराव समजायचा, हे कुणी ठरवलं नव्हतं. आठवड्यातून एकदा प्रत्येक पाळीत ते दाबून बघायचं, गार्ड किती मिनिटांत पोहोचला ते लिहायचं, हे कुणी ठरवलं नव्हतं. खाली एकच गार्ड असेल तर गेट सोडून वर कसा येणार, हाही प्रश्न कुणी विचारला नव्हता.

आता अंगावर लावायची बटणं आलीत. ओळखपत्राच्या मागेच बसतात. दाबलं की कुठला मजला, कुठली खोली, हे सुरक्षा कक्षातल्या पडद्यावर दिसतं. चांगली वस्तू आहे, कारण काउंटरपर्यंत पोहोचायची वेळच येऊ देत नाही. पण आपल्या इमारती पाहा. केईएमची मूळ इमारत जॉर्ज विटेटनं बांधलेली, 1926 ची, दगडी, जाड भिंतींची. तळघरात नि जिन्यांत मोबाइलची रेंज जाते, तिथे बिनतारी बटणाचा संदेश पोहोचेल याची खात्री काय? म्हणून बसवणाऱ्या कंपनीला आधी तळघरात न्या. शवागाराच्या वाटेवर न्या, जिन्याखाली न्या, एक्स-रेच्या खोलीत न्या. तिथे दाबून दाखव म्हणावं. जिथे संदेश पोहोचत नाही तिथे तारेचं बटण लावा. आणि बॅटरी कोण बदलणार, ते करारात लिहून घ्या. आणखी एक. कॅज्युअल्टीत कर्कश सायरन नको. जमाव चिडलेला असताना सायरन वाजला की तो आणखी भडकतो. संदेश गुपचूप जावा, माणसं वेगानं यावीत.

गिरगावात, ठाकुरद्वारात, दादरच्या गल्ल्यांत दुसऱ्या मजल्यावरची छोटी नर्सिंग होम आहेत. रात्री एक सिस्टर, खाली एक वॉचमन. तिथे सुरक्षा कक्ष कुठला आणि पडदा कुठला? तिथलं बटण थेट 112 ला आणि जवळच्या दोन-तीन नर्सिंग होमना एकाच वेळी जोडलेलं हवं. शेजारी आधी पोहोचतो, पोलीस मागून. गिरगावकरांना हे मी शिकवायला नको.

कायद्याबद्दल थोडक्यात सांगते. महाराष्ट्रात 2010 पासून वेगळा कायदा आहे. वैद्यकीय कर्मचाऱ्यावर हल्ला केला तर तीन वर्षांपर्यंत कैद, 50 हजारांपर्यंत दंड, गुन्हा अजामीनपात्र, आणि मोडतोडीची भरपाई दुपटीनं. कोविडच्या काळात केंद्रानं साथरोग कायदा दुरुस्त केला, गंभीर दुखापतीला सात वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. ऑगस्ट 2024 मध्ये केंद्रानं सांगितलं की हल्ल्यानंतर सहा तासांच्या आत संस्थेच्या प्रमुखानं गुन्हा नोंदवावा. हे शेवटचं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं. तक्रार मार खाल्लेल्या मुलीनं करायची नाही, संस्थेनं करायची. कॅमेऱ्याचं चित्रण इथे उपयोगी पडतं, पण ते त्याच रात्री जपून ठेवलं तर. बहुतेक यंत्रं काही दिवसांनी जुन्यावर नवं चित्रण चढवतात.

2017 आठवतंय? मार्च महिना. धुळ्याला डोक्याला मार लागलेला रुग्ण आला, तिथे न्यूरोसर्जन नव्हता, दुसरीकडे न्या म्हणून सांगणाऱ्या निवासी डॉक्टरला जमावानं इतकं मारलं की एका डोळ्याची दृष्टी गेली. पाठोपाठ मुंबईत सायनला मारहाण झाली आणि राज्यभरचे निवासी डॉक्टर सामूहिक रजेवर गेले. प्रकरण उच्च न्यायालयात गेलं. तेव्हा सरकारनं महाराष्ट्र सुरक्षा बलाचे 1100 जवान द्यायचं कबूल केलं, एका रुग्णामागे दोन पास ठरले. जवान आले, पास आले. पण धुळ्याच्या त्या रात्रीचं मूळ पाहा. न्यूरोसर्जन नव्हता! जी गोष्ट रुग्णालयात नाही, ती नसल्याची बातमी सांगायचं काम सर्वांत तरुण, सर्वांत दमलेल्या डॉक्टरवर आलं, आणि मार त्यानं खाल्ला.

इथे मी नातेवाइकांची बाजू घेणार आहे. सिस्टरांनो, रागावू नका. कॅज्युअल्टीच्या बाहेर बाप उभा आहे. पोरगं आत नेलं त्याला दोन तास झाले. रक्त नेलं, रिपोर्ट नाही. आत विचारलं तर थांबा. कशासाठी थांबायचं, कुणी सांगत नाही. आपली मुंबई लोकल दहा मिनिटं उशिरा असली तरी इंडिकेटरवर आकडा दिसतोय तोवर फलाट शांत असतो; इंडिकेटर कोरा झाला की आवाज चढतो. कॅज्युअल्टीत इंडिकेटरच नाही.

इंग्लंडमध्ये हे करून पाहिलंय. तिथल्या डिझाइन काउन्सिलनं 2011 च्या सुमारास सरकारी रुग्णालयांच्या तातडीच्या विभागांत भिंतींवर साधे फलक लावले. तुम्ही आता कुठल्या टप्प्यावर आहात, पुढे काय होणार, तुमच्यानंतर आलेला माणूस आधी आत का गेला, गर्दी किती आहे. गार्ड वाढवले नाहीत, काठ्या वाढवल्या नाहीत. पुढे मोजमाप झालं तेव्हा धमकावण्याचे आणि आक्रमक वागण्याचे प्रकार निम्म्यानं कमी झालेले आढळले. मी हे आकडे वाचले तेव्हा मला आमचा वॉर्ड आठवला. रिपोर्ट तयार झाला की नातेवाइकाच्या मोबाइलवर मराठी-हिंदीत एक ओळ गेली असती, तर त्या रात्री ती दहा-बारा माणसं वर आलीच नसती, असं माझं मत आहे. सिद्ध करता येणार नाही, पण मत ठाम आहे.

आणि वाईट बातमी मात्र मोबाइलवर नको. ती बसवून, पाणी देऊन, वरिष्ठ डॉक्टरनं सांगायची. सोबत समाजसेवा विभागाचा माणूस हवा. त्यासाठी एक खोली हवी, दोन दारांची. एका दारानं नातेवाईक येतील, दुसऱ्या दारानं गरज पडली तर डॉक्टर बाहेर पडेल. दोन दारं ही पण सुरक्षेचीच वस्तू आहे.

नातेवाइकांचा अविश्वास आजचा नाही, हे परळ-चिंचपोकळीच्या माणसांनी तरी विसरू नये. 1896 साली मांडवीत प्लेग निघाला. आर्थर रोडचं साथीचं रुग्णालय, म्हणजे आताचं कस्तुरबा. पेशंटला जबरदस्तीनं तिकडे नेत. तिथे माणसं मारतात, अशी वदंता गिरणगावात पसरली. ऑक्टोबर 1896 च्या अखेरीला सुमारे हजार गिरणी कामगार त्या रुग्णालयावर चालून गेले. त्याच साथीतून 1897 चा साथरोग कायदा आला, आणि कोविडमध्ये डॉक्टर-नर्सना संरक्षण द्यायला सरकारनं दुरुस्त केला तो हाच कायदा. तेव्हाच्या कामगाराला आत काय चाललंय ते दिसत नव्हतं, विचारायची सोय नव्हती, आणि सरकारवर विश्वास ठेवावा असं सरकार वागत नव्हतं. हल्ल्याचं समर्थन मी करत नाही. दार बंद आणि खबर बंद असली की अफवेला बळ मिळतं, एवढं तरी त्यातून घ्यावं. आज ती अफवा व्हॉट्सअॅपवरून कॅज्युअल्टीच्या दारातच मिळते.

एक राहिलं, नोंदीचं. पिंकी विराणी यांनी अरुणावर पुस्तक लिहिलं. त्यात येतं की तिचे आणि त्या हल्लेखोराचे कामावरून आधीपासून खटके उडत होते, कुत्र्यांसाठी आलेलं खाणं चोरीला जाण्यावरून. खटका कुणी नोंदवतं का? शिवी, अंगावर येणं, बाहेर भेट मग बघतो ही धमकी, आपण सगळ्याजणी हे गिळतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, जगभरातल्या आरोग्य कर्मचाऱ्यांपैकी 8 ते 38 टक्के जणांवर नोकरीत कधी ना कधी शारीरिक हल्ला होतो. शिव्यांची तर मोजदादच नाही. मोबाइलवर तीस सेकंदांत, नाव न सांगता, वॉर्ड नि वेळ टाकून अशी नोंद करता यायला हवी. महिन्याभरात दिसून येईल की अमुक वॉर्डात, रात्री दहा ते बारा भांडणं होतात. मग गार्ड तिथे ठेवता येतो. किंवा एकाच माणसाबद्दल चार वेळा तक्रार आली, तर त्याची रात्रपाळी थांबवता येते. अरुणाच्या वेळी अशी नोंद असती तर काय झालं असतं, हा विचार माझी पाठ सोडत नाही.

पण ही नोंद आणि ते कॅमेरे सिस्टरवर पाळत ठेवायला वापरले, कोण किती वेळ चहाला गेली ते बघायला वापरले, तर सगळं फुकट. दुसऱ्या दिवसापासून कुणी बटण दाबणार नाही, कुणी नोंद करणार नाही. रुग्णाच्या अंगावरचं पांघरूण काढलेलं चित्रण कुणाच्याही फोनवर फिरायला लागलं, तर रुग्णही आपल्यावर विश्वास टाकणार नाही. कॅमेरा कुठे असेल, चित्रण कोण पाहील, किती दिवस राहील, हे युनियनला आणि सिस्टरांना विचारून ठरवा. लेखी ठरवा.

आता तुमच्यापैकी जे रुग्णालयात काम करत नाहीत, त्यांना मागणं आहे. टाटाच्या फुटपाथवर झोपणाऱ्या नातेवाइकांना जेवण देणारे तुम्हीच. दादरची गाडगे महाराजांची धर्मशाळा बाहेरगावच्या रुग्णांना आसरा देते, लालबागच्या राजाचं मंडळ डायलिसिस केंद्र चालवतं. तुमच्या मंडळांत गर्दी सांभाळणारी, न चिडता हजार माणसांना एकच उत्तर देणारी पोरं आहेत. त्यातली चार-चार पोरं संध्याकाळी सात ते अकरा कॅज्युअल्टीच्या मदत टेबलावर बसू द्या. केसपेपर कुठे, रिपोर्ट कुठे, रक्तपेढी कुठे, एवढंच सांगायला. रुग्णालयानं त्यांना शिकवावं, ओळखपत्र द्यावं.

आणि मत मागायला येईल त्या प्रत्येक उमेदवाराला विचारा, किती कॅमेरे बसवले ते सांगू नका. आमच्या प्रभागातल्या रुग्णालयात गेल्या महिन्यात धोक्याचं बटण किती वेळा दाबलं गेलं, आणि दर वेळी पहिला माणूस किती मिनिटांत पोहोचला, ते सांगा. हा आकडा दर महिन्याला रुग्णालयाच्या दर्शनी फलकावर, मराठीत, लागला पाहिजे. ज्या महिन्यात पोहोचायचा वेळ पाच मिनिटांच्या वर जाईल, त्या महिन्यात अधीक्षकांनी सिस्टरांसमोर बसून कारण सांगावं. या मागणीचं पत्र मी लिहून आणलंय. बाहेरच्या टेबलावर ठेवलंय. सही करायची असेल त्यांनी करा, आणि रात्रपाळीच्या सिस्टरांच्या सह्या सगळ्यांत वर घ्या.